उद्याच्या घराच्या भिंतीत

माझ्या मामाला कॉलनीत सगळे बटणमामा म्हणतात. तो शिंपी नाही, आणि त्याच्या स्वतःच्या शर्टाचं एक तरी बटण कायम तुटलेलं असतं. तरुणपणी एका प्रदर्शनात तो 'बटणांच्या कामावर' होता, एवढी माहिती लोकांना पुरली आणि नाव चिकटलं. घरातही याहून जास्त कुणाला ठाऊक नव्हतं. मामेभावाच्या ऑफिसात एक पत्र चौकट करून लावलेलं आहे. 'उद्याचं घर' या दालनात सदर गृहस्थांनी नियंत्रण-चालक म्हणून चोख काम केलं, असं त्यात मुख्य इंजिनिअरच्या सहीनं लिहिलंय. मामेभाऊ इंजिनिअर झाला तो हे पत्र बघत बघत, असं तो स्वतः सांगतो. नियंत्रण-चालक म्हणजे नेमकं काय करतो, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही. मोठ्या शब्दांचा हा एक फायदा असतो, ते आले की पुढचे प्रश्न येत नाहीत.

मला विचारावं लागलं, कारण माझं कामच जुनं उकरून काढायचं. मी एका दैनिकाच्या जुन्या अंकांच्या खोलीत बसते आणि रोज 'पन्नास वर्षांपूर्वी' नावाचं बोटभर सदर भरते. खोलीला खिडकी नाही. पंखा आहे, पण तो लावला की जुन्या कागदांचे तुकडे उडतात, म्हणून तोही नसल्यातच जमा. दोन वर्षांपूर्वी तिथे एक रविवारची पुरवणी हाती लागली. 'सन दोन हजार : तुम्ही कसे राहाल?' आठ पानं होती. एका शास्त्रज्ञानं लिहिलं होतं की प्रत्येक गच्चीवर हेलिकॉप्टर उतरेल. दुसऱ्याचं म्हणणं, फुटपाथ चालतील आणि माणसं नुसती उभी राहतील. काम आठवड्यातून तीनच दिवस, आणि उरलेल्या चार दिवसांत लोकांना गुंतवायचं कशात, हा म्हणे सरकारपुढचा मोठा प्रश्न असणार होता. ऑफिसांतून कागद हद्दपार होणार होता. जेवणाऐवजी एक गोळी.

मी लाल पेन्सिल घेऊन ताळा करायला बसले. हेलिकॉप्टर, नाही. फुटपाथ चालत नाहीत. आमच्या ऑफिससमोरचा हलतो, पण तो लाद्या सुटल्यामुळे. तीन दिवसांचा आठवडा, तर मी हे सगळं सुट्टीच्या दिवशी कामावर येऊन वाचत होते, आणि कागदाच्या ढिगाऱ्यात बसून. गोळीचं अर्धं खरं झालंय. मामा दिवसाला नऊ गोळ्या घेतो, फक्त त्या जेवणावर घ्याव्या लागतात. पाचव्या पानावर मात्र एक भाकीत तंतोतंत उतरलं होतं: बोलणाऱ्याचा चेहरा काचेत दिसेल. बोलाफुलाला गाठ, दुसरं काय. खाली फोटो होता. भिंतीत एक काच, काचेत एक तरुणी, आणि ओळ, 'चित्र-टेलिफोनवर दुसऱ्या शहरातून बोलणारी महिला'. मी भिंग घेतलं. ती माझी मामी होती.

मामी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी पुरवणीचा फोटो काढून संध्याकाळी मामाकडे गेले. त्यानं तो बराच वेळ बघितला, चष्मा पुसला, परत बघितला.

"दुसऱ्या शहरातून कसली!" तो म्हणाला. "माझ्यापासून दोन हातांवर बसलेली होती."

आणि मग जे पन्नास वर्षांत पोटच्या पोराला सांगितलं नाही, ते मला सांगितलं. मला का, तर मी पुरावा घेऊन आले होते म्हणून.

'उद्याचं घर' प्लायवूडचं होतं. चार खोल्या, पांढरा रंग, गोल कडा, आणि जागोजागी बटणं. प्रेक्षकानं बटण दाबायचं आणि पुढे घडेल ते तोंडात बोट घालून बघायचं. एक बटण दाबलं की भिंतीतून चहाचा कप येई. दुसरं दाबलं की अंथरुणाची घडी पडे. तिसऱ्यानं पडदे सरकत. चौथं बटण बुटांचं. भिंतीतल्या भोकात पाय घालायचा, आतून पॉलिश होऊन बाहेर काढायचा. यातलं काहीही यंत्रानं होत नव्हतं. मुख्य इंजिनिअरनं खरी यंत्रं बनवायला घेतली होती, पण उद्घाटनाला आठ दिवस उरले आणि चहाच्या यंत्रानं तिसऱ्यांदा चहा छताला उडवला. तेव्हा इंजिनिअरनं भिंत अडीच फूट जाड करायला सांगितली आणि आत एक स्टूल ठेवलं. त्या स्टुलावर बसवायला बारीक अंगाचा माणूस हवा होता. मामा तेव्हा चोवीस वर्षांचा, सुतारकामाचा हेल्पर, आणि फुंकर मारली तर उडेल असा.

बाहेर बटण दाबलं की आत नंबर घातलेला एक दिवा लागे. एक म्हणजे चहा, दोन म्हणजे अंथरूण. मामाच्या पायात बूट नाहीत, दोन-दोन मोजे. खोकला आला तर तोंडात टॉवेल. कप चाळीस, विजेची शेगडी एक. बुटांच्या भोकातून किती तरी मान्यवरांचे पाय त्याच्या मांडीवर आले. बुटावरून माणूस ओळखता येतो, असं त्याचं मत तेव्हापासून आहे, आणि ते तो कुणालाही समजावून सांगतो.

भिंतीच्या पलीकडच्या वळणावर काच होती. काचेमागे मामी, तेव्हा अर्थात कुणाची मामी नव्हती. तिनं समोरच्या प्रेक्षकाला सांगायचं, "नमस्कार, मी दुसऱ्या शहरातून बोलतेय, इथे आत्ता पाऊस पडतोय." दिवसाला दोनशे वेळा. एकदा भिंतीतल्या धुळीनं तिला शिंक आली, तर बाहेरचे आजोबा आपल्या बायकोला म्हणाले, "बघ, तारेतून सर्दीसुद्धा येते." मामी तोंड दाबून हसली. आत अंधारात मामाही हसला. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला चार होते, आणि चारही तरुण होते. प्रदर्शन पाच महिने चाललं. सहाव्या महिन्यात दोघांनी लग्न केलं.

मामाच्या हातून चूक एकच झाली. एका लहान मुलीनं चहाच्या खिडकीत हात घातला. शेगडी तापलेली होती. मामा आतून ओरडला, "अगं, भाजेल!" बाहेर सगळे थिजले. मामाला वाटलं, संपलं आता. पण दुसऱ्या दिवशी आमच्याच दैनिकात मथळा आला : 'उद्याचं घर मुलांची काळजी घेईल'. अग्रलेखही आला. इंजिनिअरनं मामाला बोलावलं, शिव्या देण्यासाठी तोंड उघडलं, आणि पत्र्याचं एक नरसाळं हातात दिलं. "रोज दोनदा ओरडायचं. यातून. म्हणजे यंत्रासारखं वाटेल."

प्रदर्शन उठताना इंजिनिअरनं दोघांकडून शब्द घेतला. भिंतीत कोण होतं ते भिंतीतच राहील. बदल्यात पत्र दिलं. त्या पत्रावर मामाला विजेच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात नोकरी मिळाली, आणि तिथे त्यानं पस्तीस वर्षं पंखे, इस्त्र्या आणि वॉशिंग मशिनं विकली. गिऱ्हाइकानं "हे आपोआप चालतं ना?" असं विचारलं की मामा म्हणायचा, "चालवणारा असेल तर." याला दुकानात सगळे विनोद समजायचे.

हे सगळं सांगून झाल्यावर मामानं स्वयंपाकघरातल्या फळीकडे बोट केलं आणि आवाज खाली आणला.

"आणि आता त्या डबीत पण कुणीतरी बसलेलं आहे."

डबी मामेभावानं बसवली होती. तो दुसऱ्या शहरात राहतो, विमानानं दोन तास. मामी गेल्यावर त्यानं वडिलांना आपल्याकडे यायचा पुष्कळ आग्रह केला. मामा म्हणाला, मी माझ्या घरातून हलणार नाही. एका स्वयंपाकघराचं, दोन खोल्यांचं ते घर मामीनं आणि त्यानं रंगाच्या डब्यापासून खिळ्यापर्यंत स्वतः उभं केलेलं. शेवटी तडजोड झाली. घरात एक काळजीयंत्र बसवायचं. त्याला कॅमेऱ्याचा एक डोळा होता आणि एक सपाट आवाज. ते गोळ्यांची आठवण करायचं, कुणी पडलं तर मुलाला कळवायचं, विचारलं तर वार आणि हवामान सांगायचं. कंपनीच्या माहितीपत्रकावर लिहिलं होतं, 'पूर्ण स्वयंचलित. न थकणारं. न झोपणारं.' मामेभाऊ तिकडून फोनवर सगळं बघायचा, ऐकू मात्र काही यायचं नाही, आणि सूचना द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं हा शब्दप्रयोग करणाऱ्याला कॅमेरा माहीत नव्हता, नाहीतर उंटही लागला नसता.

मामाला शंका पहिल्याच आठवड्यात आली. "वार विचारला की पटकन सांगते," तो मला म्हणाला. "पण परवा मी म्हटलं, आज गुडघा बोलतोय. तर गप्प. मग म्हणाली, कोमट तेल लावा. यंत्र असतं तर म्हणालं असतं, समजलं नाही. किंवा गुडघ्याशी बोलायला लागलं असतं."

"ती?"

"दुपारी दोन ते अडीच काही विचारा, काही समजत नाही. जेवायला जाते. मी पण जायचो की. मी गेलो की सगळी बटणं 'दुरुस्तीसाठी बंद' असायची."

मी हसले. मनात म्हटलं, एकटा माणूस, भिंतीत आयुष्याची सुरुवात केलेला, त्याला भिंतीत माणसं दिसणारच. हे मी कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात मी फार शहाणी ठरले असं कुणाला वाटू नये.

मामा डबीशी बोलत राहिला. दमलीस तर सांग, म्हणाला. मीही भिंतीत बसलेलो आहे, म्हणाला, आणि आपली सगळी कथा तिला सांगितली. त्यानंतर, मामाच्या म्हणण्याप्रमाणे, ती थोडं थोडं बोलायला लागली. एका मोठ्या हॉलमध्ये चाळीस जण बसतात. प्रत्येकाकडे तीस घरं. यंत्राला जे कळतं ते यंत्र बोलतं. यंत्र अडलं की यांच्यापुढे लाल चौकोन येतो, आणि यांनी ठरलेल्या सत्तर वाक्यांतलं एक निवडायचं. माइक फक्त आणीबाणीला. त्यातून बोललं तरी बाहेर आवाज यंत्राचाच निघतो. ठरल्याबाहेर एक वाक्य बोललं आणि कंपनीला कळलं, तर त्याच दिवशी घरी. तिला एक मुलगी होती, पाच वर्षांची, आणि त्या आठवड्यात मुलीला ताप होता.

मामानं हे आपल्यापाशी ठेवायला हवं होतं. पन्नास वर्षं ज्यानं झाकली मूठ उघडली नाही, त्यानं एका सकाळी मुलाशी बोलताना काळजीपोटी विचारलं, "तुमच्या कंपनीवाल्यांना सांगून हिला दोन दिवस रजा मिळेल का रे? पोरगी तापली आहे."

मामेभाऊ घाबरला, आणि त्यात त्याची चूक नाही. त्यानं कंपनीला विचारलं. कंपनीनं गोड भाषेत कळवलं की यंत्र पूर्ण स्वयंचलित आहे, त्यामागे कोणीही व्यक्ती नाही, आणि वृद्ध ग्राहकांना कधी कधी असे भास होतात. मग त्यानं मला फोन केला. "ताई, बाबांना आवाज ऐकू येतात. डबीत बाई आहे म्हणतात, तिला मुलगी आहे म्हणतात. यंत्रात बाई आहे एवढं वाटलं असतं तर ठीक होतं, पण ती बोलते म्हणजे..." त्याचा मित्र मेंदूचा डॉक्टर होता. रविवारी दोघं येणार होते. डॉक्टरला तसंच वाटलं तर बाबांनी एकटं राहायचं नाही. मामेभावाच्या घराजवळ वृद्धांसाठी एक चांगली जागा होती, त्यानं ती बघूनही ठेवली होती.

हे सांगायला मी शुक्रवारी मामाकडे गेले. त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि स्पष्ट बोलले. "मामा, रविवारी तुला विचारतील. तू म्हण, गंमत करत होतो. नाहीतर हे घर जाईल."

"गंमत कशी म्हणू? तो तापाचं विचारेल. मी आठवडाभर रोज सांगतोय त्याला, आज एकशे एक, आज उतरला. एवढी कोण गंमत करतं?"

"मग भ्रम आहे असं तरी मान्य कर."

"भ्रम नाही तर मान्य काय करू?"

मी वैतागले. मला त्याला मामेभावानं पाठवलेला डॉक्टरचा मेसेज वाचून दाखवायचा होता, आणि चष्मा सापडेना. पर्स उपसली. टेबलाखाली बघितलं. ओट्यावरचे डबे सरकवले. मामा आपला शांत बसून बघत होता.

"ताई," फळीवरून सपाट आवाज आला, "चष्मा डोक्यावर आहे."

मी हात वर नेला. चष्मा डोक्यावर होता.

"काखेत कळसा, गावाला वळसा," मामा म्हणाला, आणि लगेच डबीकडे वळून, "अगं, कशाला बोललीस!"

मी फळीकडे बघितलं. गोळीची वेळ सांगणारा तोच आवाज, तसाच चढ-उताराशिवाय, म्हणाला, "चुकून बोलले. त्यांची शोधाशोध बघवेना. ताई, कुणाला सांगू नका. रेकॉर्डिंग कुणी ऐकत नाही, पण घरच्यांनी मागितलं तर काढून देतात. मग माझी नोकरी जाईल."

"हिला चार महिने झालेत फक्त लागून," मामा मला म्हणाला. जणू ओळख करून देत होता.

मी त्याच क्षणी काळजीतून सुटले होते. माझा मामा वेडा नव्हता, घर वाचलं होतं. एक अर्ज करायचा, रेकॉर्डिंग मागवायचं, मामेभावाला ऐकवायचं. एका वाक्याचं काम. मी तसं म्हटलंही.

मामानं मला हाताला धरून बाहेरच्या जिन्यात नेलं. तिथे डबीचा कान पोचत नव्हता.

"तू काहीही बोलणार नाहीस," तो म्हणाला.

"आणि तू?"

"माझं मी बघतो."

रविवारी मामेभाऊ आला, बरोबर डॉक्टर. डॉक्टर मृदू बोलणारा होता. त्यानं मामाला तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मामा दोनपर्यंत न चुकता आला आणि म्हणाला, "शून्याखाली जाऊ की पुरे?" डॉक्टर हसला. मग त्यानं वही मिटली आणि मुद्द्याला आला.

"काका, या यंत्रात कुणी बाई आहे असं तुम्हाला वाटतं?"

मामेभाऊ वडिलांच्या पायांशी बसला होता. चाळिशी उलटलेला माणूस, पण तसा बसला की लहानपणीचाच वाटतो. "बाबा, मला तुम्हाला खोटं पाडायचं नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही म्हणताय ना ती बोलते, मग आपण रेकॉर्डिंग मागवू. सगळं महिनाभराचं. अर्ज भरून ठेवलाय मी." त्यानं फोन पुढे केला. पडद्यावर खाली एक निळं बटण होतं. "खरं निघालं तर मी स्वतः तुमची माफी मागेन, आणि तुम्ही इथेच राहाल. पाठवू?"

मी मामाकडे बघत होते. त्यानं एकदा मान हलवली असती तरी झालं असतं. मला वाटतं, त्या दिवशी माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा तोंड मिटून बसले.

"नको पाठवूस," मामा म्हणाला. "कुणी नाहीये."

"मग इतके दिवस कुणाशी बोलत होता, काका?"

"कुणाशीच नाही."

"आणि त्या मुलीचा ताप?" डॉक्टरनं हळूच विचारलं. "तो तुम्हाला कुणी सांगितला?"

"ऐकू आलं मला," मामा म्हणाला. "भास झाला असेल."

मामेभावानं डोळ्यांवर हात घेतला. डॉक्टर वही उघडून लिहायला लागला. तेवढ्यात फळीवरून आवाज आला, "साहेब, ते..."

मामाचे गुडघे गेली दहा वर्षं सांगतायत त्यापेक्षा तो कितीतरी लवकर उठला. त्यानं डबीची वायर धरली आणि प्लग खेचून काढला. एक वाटी खाली पडून गरगर फिरत राहिली.

"बाबा!"

"बडबड करते," मामा म्हणाला. वायर त्याच्या हातात होती. "उगाच मधे मधे."

मामेभावानं डॉक्टरकडे बघितलं. 'साहेब' हा शब्द सत्तर वाक्यांत आहे की नाही, हे त्या दोघांना माहीत असायचं कारण नव्हतं. डॉक्टरनं आणखी एक ओळ लिहिली. नंतर मामेभावानं मला तो कागद दाखवला. 'यंत्राविषयी भीती व चीड,' असं लिहिलं होतं.

गुरुवारी मामाला नेलं. घर विकायचं नाही, बंद ठेवायचं, असं मामेभावानं त्याला शब्द दिला आणि किल्ली माझ्याकडे दिली. मामानं दोन पेट्या भरल्या, कपाटाला कुलूप लावलं, आणि गाडीत बसताना घराकडे बघितलंही नाही. मी मात्र रडले, आणि रडता रडता मला त्याचा राग येत होता. पन्नास वर्षांपूर्वी तो स्वतःला लपवून बसला ते पोटासाठी. आता एका अनोळखी बाईला लपवायला त्यानं स्वतःचं घर दिलं, आणि वर वेडाचं सर्टिफिकेट घेतलं. मी त्याला गाडीच्या काचेतून हेच म्हटलं, जरा सभ्य शब्दांत. त्यानं काच वर केली.

तीन आठवड्यांनी मी त्याला भेटायला गेले. जागा खरोखर चांगली होती. खोलीत दोन पलंग, मोठी खिडकी, बाहेर हिरवळ. शेजारच्या पलंगावर एक निवृत्त ड्रायव्हर झोपलेले होते. मामाचा शर्ट इस्त्रीचा होता आणि सगळी बटणं जागच्या जागी होती. ते बघून मला बरं वाटलं नाही. मी त्याला कॉलनीतल्या बातम्या सांगितल्या. त्या त्यानं ऐकल्या नाहीत.

"डबी परत लावलीस का?" त्यानं विचारलं.

"कशाला? घरात कोण आहे?"

"घर तिच्याच यादीत असतं ना अजून. महिन्याचे पैसे भरलेत. बंद दिसलं की तिला विचारतील, काय केलंस म्हणून. त्या रविवारपासून बंद आहे ती." तो कासावीस झाला होता. "किल्ली तुझ्याकडे आहे. एवढं कर."

मी परत आल्या आल्या त्याच्या घरी गेले. दार उघडलं. आत कोंदट वास होता. वाटी अजून ओट्याखाली पडलेली होती, ती उचलून धुतली. मग प्लग लावला. डबीला जाग यायला थोडा वेळ लागला.

"नमस्कार. आपण कसे आहात?"

हे त्या सत्तरांतलं पहिलं वाक्य. हे यंत्रही म्हणतं. मी रिकाम्या स्वयंपाकघरात उभी होते आणि कुणाशी बोलतेय ते मला ठाऊक नव्हतं. ती असेल, किंवा तिच्या जागी कुणी दुसरं, किंवा खरोखरच कुणी नाही.

"मामा तिकडे पोचलाय," मी म्हटलं. "बरा आहे. खिडकी आहे खोलीला."

मी पर्स उचलली.

"त्यांना सांगा," सपाट आवाज म्हणाला, "मी अजून कामावर आहे."

ती कंपनी आता बंद पडली आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही. त्या दिवशी मात्र मी ओट्याला टेकून मामाला फोन लावला, त्याला व्हिडिओवर घेतलं आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. पडद्यावर त्याचा चेहरा अगदी जवळ आला, मग त्यानं मान वळवून शेजारचा पलंग बघितला.

"हळू बोल," तो म्हणाला.